चांगल्या चालणाऱ्या मिंटला हात लावावा का?

पत्र

मी सिंधुदुर्गातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एकच संगणक आहे. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २०.३ ही मोफत प्रणाली आहे, एक्सएफसीई नावाचं तिचं हलकं रूप. आमच्या एका माजी सभासदाने ते बसवून दिलं होतं, तो आता पुण्याला नोकरीला असतो. पुस्तकांची दाखल नोंद, वर्गणी, वार्षिक अहवाल हे सगळं लिब्रेऑफिसमध्ये मराठीतून होतं. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. अनुदानाच्या खात्याचं काम याच संगणकावर करतो, आणि दुपारी गावातली मुलं येऊन महाडीबीटीचे आणि भरतीचे फॉर्म भरतात. आता सिस्टिमला अपडेट येणं थांबलं आहे. कार्यवाह म्हणतात, चालतंय तर हात लावू नका. एक तरुण सदस्य म्हणतात, भंगारात काढा आणि नवीन घ्या. नवीन घेण्याइतके पैसे नाहीत. अपग्रेड करताना मध्येच वीज गेली, प्रिंटर बोलेनासा झाला किंवा मराठी टाइप होईना, तर मला ते निस्तरता येणार नाही. काय करू?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या कार्यवाहांचं म्हणणं मला पटतं, निदान त्यामागची काळजी तरी पटते. संगणक एकच, दुरुस्तीला माणूस जवळ नाही आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही. अशा ठिकाणी चालती व्यवस्था उगाच उसकटू नये. नवं आलं म्हणून बसवलं, या एवढ्याच कारणाने कितीतरी कार्यालयांची कामं आठवडाभर अडली आहेत.

तरीही माझं उत्तर असं आहे की तुमचं मिंट बदलायला हवं. फक्त आत्ताच्या डिस्कवर अपग्रेड करू नका. एक छोटी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, विकत घ्या, तिच्यावर मिंट २२ कोरं बसवा आणि जुनी डिस्क काही न पुसता, आहे तशी काढून कपाटात ठेवा. वीज, प्रिंटर आणि मराठी या तिन्ही धास्ती या एका गोष्टीने बऱ्याच हलक्या होतात.

आधी, बदलायचंच कशाला ते सांगतो. मिंट २० ही मालिका उबुंटू २०.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेली होती आणि तिचा आधार, म्हणजे दुरुस्त्या पुरवणं, एप्रिल २०२५ मध्ये संपला. आधार संपला म्हणून पडद्यावर काहीच बिघडत नाही. लिब्रेऑफिस उघडतं, छपाई होते, फायरफॉक्स चालतो. थांबतं ते एवढंच की यापुढे सापडणाऱ्या भोकांवरची ठिगळं तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. आणि भोकं सापडत राहतात. जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेक नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये अशी चूक सापडली की साधं खातं असलेला कुणीही संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. ती चूक २००९ पासून तिथे होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या, अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा एका सामाईक कोडमध्ये दुसरी सापडली. तिच्यात मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र पानावर दिसलं तरी पुरे होतं, कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. या दोन्ही वेळी मिंट २० ला आधार होता, त्यामुळे तुमच्याकडे दुरुस्ती आपोआप आली असणार आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागला नसेल. पुढची अशी चूक सापडेल तेव्हा ती येणार नाही. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे खरं आहे, पण ते या दुरुस्त्यांमुळे खरं होतं.

हा संगणक इंटरनेटला जोडलेला नसता, नुसती दाखल नोंद आणि वर्गणीच्या पावत्या एवढंच त्याच्यावर होत असतं, तर मी कार्यवाहांच्या बाजूने उभा राहिलो असतो. तुमचं तसं नाही. अनुदानाचं खातं त्यावर उघडलं जातं ही एक गोष्ट. मला जास्त बोचते ती दुसरी. फॉर्म भरायला येणारी मुलगी तिचा आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, जातीचा दाखला, ईमेलचा पासवर्ड हे सगळं वाचनालयाच्या भरवशावर त्या कीबोर्डवर टाइप करते. स्वतःच्या घरच्या संगणकाबाबत धोका पत्करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. इथे धोका तिचा आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत हा मुद्दा याच शब्दांत मांडा असं मी सुचवेन.

आता तरुण सदस्यांच्या ‘भंगारात काढा’बद्दल. ई७५०० हा २००९ सालचा प्रोसेसर आहे, पण तो ६४-बिट आहे आणि डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींचं कुटुंब आजही त्याला नाकारत नाही. मिंट हे त्याच कुटुंबातलं. सगळेच इतके उदार नाहीत. २०२२ मध्ये आलेलं रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ तुमच्या प्रोसेसरवर चालणार नाही, कारण त्याला लागणाऱ्या काही सूचना (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्स) या चिपमध्ये नाहीत. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्तीही त्याच कारणाने उभी राहत नाही, तेव्हा तो पर्याय कुणी सुचवला तर तिथेच थांबवा. मिंट २२ साठी किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असावी असं मिंटवालेच सांगतात. तुमच्याकडे नेमकी ती आहे. एक्सएफसीईच घ्या. सिनॅमन हे मिंटचं दुसरं रूप देखणं आहे, पण ते पडदा रंगवायला ग्राफिक्स चिपवर भार टाकतं, आणि तुमच्या काळातल्या बोर्डांवर बहुधा इंटेलची जीएमए एक्स४५०० असते, तिला तो भार नकोसा होतो. तिचा चालक (ड्रायव्हर) नव्या लिनक्समध्ये आहे, ‘क्रोकस’ नावाचा, त्यामुळे चित्र दिसणार नाही अशी भीती बाळगू नका. तुमच्यात जुनं एनव्हिडिया कार्ड बसवलेलं असेल तर मात्र सावध व्हा. त्या काळच्या कार्डांचे कंपनीचे चालक नव्या कर्नेलबरोबर (लिनक्सच्या गाभ्याबरोबर) जात नाहीत आणि मोफत नूव्हो चालकावर भागवावं लागतं. कोणतं कार्ड आहे ते मेनूतल्या ‘सिस्टिम रिपोर्ट्स’मध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’खाली दिसेल.

मग आहे त्याच डिस्कवर अपग्रेड का नको? मिंटचं स्वतःचं अपग्रेड साधन आहे आणि ते चांगलं आहे. पण २०.३ वरून थेट २२ वर उडी मारता येत नाही. २०.३ वरून २१, मग २१.३, मग २२ असा जिना चढावा लागतो. दर मोठ्या पायरीला सगळी सिस्टिम नव्याने उतरवून घ्यायची आणि हजारो फायली बदलायच्या. यात मध्येच वीज गेली तर अर्धी पॅकेजं जुनी आणि अर्धी नवी अशी अवस्था होते. ती सावरता येते, पण टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करत बसून, आणि तुम्ही लिहिलंच आहे की ते तुमच्याच्याने होणार नाही. शिवाय ही सगळी उलथापालथ तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवर होणार. मेनूत ‘डिस्क्स’ उघडा, डिस्क निवडा आणि तिची ‘स्मार्ट’, म्हणजे प्रकृतीची, माहिती बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ या ओळींपुढे शून्याखेरीज काही आकडा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढा. आकडा शून्य असला तरी या वयाच्या डिस्ककडून इतकी मेहनत करून घेऊ नये.

‘टाइमशिफ्ट घेतलं आहे, काही झालं तर मागे जाऊ’ असं तुमचा पुण्याचा सभासद म्हणेल. त्याला दोन गोष्टी सांगा. टाइमशिफ्ट हे मिंटमधलं प्रत काढून ठेवणारं साधन सिस्टिम जपतं, होम फोल्डरमधल्या तुमच्या फायली ते मुळात धरतच नाही, तसं मुद्दाम सांगितलं असेल तरच धरतं. आणि ती प्रत त्याच डिस्कवर असेल तर डिस्क गेली की प्रतही गेली.

नव्या एसएसडीवर बसवताना वीज गेली तर काय होतं? एका रिकाम्या डिस्कवरचं अर्धवट काम जातं. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. प्रिंटर जमला नाही आणि उद्या अहवाल छापायचा आहे? संगणक बंद करून जुनी डिस्क पुन्हा जोडायची आणि कालच्या सिस्टिमवर छापायचं. एवढी निर्धास्त परतीची वाट दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत नाही. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्या, तुमच्या बोर्डाच्या जुन्या साटा जोडणीवर ती चालते. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: संगणक चालू व्हायला आणि लिब्रेऑफिस उघडायला लागणारा वेळ खूप कमी होईल, पण ते श्रेय एसएसडीचं असेल, मिंट २२ चं नव्हे. नवी सिस्टिम जुन्यापेक्षा हलकी नसते.

विकत काही घेण्याआधी एक दुपार तपासणीला द्या. पुण्याच्या सभासदाला सांगा की मिंट २२ एक्सएफसीईची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून, तिची चेकसम (फाइल बिनचूक उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळवून, पेन ड्राइव्हवर चढवून पाठव. मोबाइलच्या नेटवर गावात बसून हे करण्यापेक्षा कुरिअर बरं. त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्कला न शिवता नवं मिंट चालतं. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. हे सगळं धिम्या गतीने चालेल, कारण जुन्या यूएसबीतून येतंय. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. पाहायचं ते असं: पडदा नीट दिसतो का, नेट जोडलं जातं का, आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर.

लेझरजेट १०२० बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या निम्म्या कार्यालयांत हाच प्रिंटर असावा असं कधीकधी वाटतं. हा प्रिंटर स्वतःची फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, जपून ठेवत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ती त्याला पाठवावी लागते. लिनक्सवर हे काम एचपीचं ‘एचपीलिप’ करतं, पण त्याला जोडीला एक वेगळं प्लगइन लागतं, ते नेटवरून उतरवावं लागतं आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. मिंट बदललं की एचपीलिप बदलतं, जुनं प्लगइन निरुपयोगी होतं आणि प्रिंटर गप्प बसतो. ‘अपग्रेडनंतर प्रिंटर मेला’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं. नव्या मिंटवर प्रिंटर जोडून एचपीचं सेटअप चालवा. ते प्लगइन मागेल, नेट चालू ठेवून होकार द्या, मग प्रिंटर एकदा बंद-चालू करा. पेन ड्राइव्हवरच्या सिस्टिमवर केलेलं हे काम संगणक बंद केल्यावर पुसलं जाईल आणि खरं मिंट बसवल्यावर पुन्हा करावं लागेल, तरी आधी करून पाहाच. इतर वाचकांसाठी: तुमच्याकडे कॅननचा एलबीपी २९०० असेल तर ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. त्याचा लिनक्स चालक फार हट्टी आहे.

मराठीचं काम त्या मानाने सोपं आहे. आत्ता तुम्ही कोणत्या पद्धतीने टाइप करता ते आधी कागदावर लिहून ठेवा: इनस्क्रिप्ट की उच्चारानुसार, आणि कीबोर्डच्या मांडणीतून की आयबस या टाइप करण्याच्या साधनातून. नव्या मिंटमध्ये कीबोर्डच्या मांडण्यांत भारतीय गटाखाली दोन्ही प्रकार मिळतात, आणि आयबसची मराठी साधनं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेता येतात. मग ‘वाऱ्यावर’, ‘ॲडव्होकेट’, ‘ऑगस्ट’, ‘क्षेत्रज्ञ’ असे शब्द टाइप करून बघा. हे जमले की बाकी सगळं जमतं. जुन्या याद्यांपैकी काही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात असतील, तर ते फॉन्टही सोबत न्यावे लागतील, नाहीतर त्या फायली उघडतील पण वाचता येणार नाहीत.

प्रत्यक्ष बसवण्याच्या दिवशी पहिलं काम: नुसत्या डिस्कवर भरवसा न ठेवता कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढा. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात, त्यातला टिंबाने सुरू होणारा ‘मोझिला’ हा फायरफॉक्सच्या खुणांसाठी आणि ‘फॉन्ट्स’ असेल तर तोही घ्या. सगळेच लपलेले फोल्डर नव्या सिस्टिमवर ओतू नका, जुन्या सेटिंग नव्या प्रोग्रॅमना अडचणीच्या होतात. दुसरं, आणि हे मी आग्रहाने सांगतो: मिंट बसवण्याआधी जुन्या डिस्कची केबल हाताने काढून टाका. इन्स्टॉलर ‘डिस्क पुसू का’ असं विचारतो तेव्हा संगणकात एकच डिस्क असली पाहिजे, म्हणजे चुकीची निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. पेटी उघडलीच आहे तर बोर्डावरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरीही बदला. ती संपली की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकीची असली की बँकेचं संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाही. लोक अशा वेळी लिनक्सला दोष देत बसतात.

जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कोरड्या जागी ठेवा, कोकणातली हवा तुम्हाला माहीतच आहे. निदान यंदाचा वार्षिक अहवाल आणि हिशेब तपासणी पार पडेपर्यंत तिला कुणी हात लावू नये.

मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. २१ घ्यावं का असं कुणी विचारलं तर नको, त्याचा आधार एप्रिल २०२७ मध्येच संपतो. २०२९ पर्यंत हा संगणक पुरेल का? नोंदी, अहवाल, फॉर्म यांना पुरेल असं मला वाटतं. व्हिडिओ मात्र अडखळतील, कारण आजच्या व्हिडिओंची गुंडाळी उलगडायची सोय या चिपमध्ये नाही. संकेतस्थळंही दरवर्षी जड होत चालली आहेत, त्यामुळे एका वेळी दोन-तीन टॅबच उघडे ठेवायची सवय मुलांना लावावी लागेल. मधल्या काळात मंडळाने नव्या संगणकासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी.

थोडक्यात इतर दोघांसाठी, कारण असेच प्रश्न विचारणारी आणखी पत्रं आली आहेत. तुमच्याकडे मिंट नसून खुद्द उबुंटू २०.०४ असेल, तर वैयक्तिक वापराला पाच संगणकांपर्यंत मोफत असलेलं उबुंटू प्रो जोडून २०३० पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळवता येतात, घाई नाही. आणि प्रोसेसर ३२-बिट असेल तर वाट अरुंद होत चालली आहे. डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे. डेबियन १२ ला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे, पण फायरफॉक्सची नेहमीची आवृत्ती १४४ नंतर ३२-बिट लिनक्ससाठी निघत नाही. असा संगणक लिहिण्या-छापण्यापुरता ठेवा, बँकेसाठी नको.

ताई, एसएसडी येईपर्यंत काही आठवडे जातील. तोवर अनुदानाच्या खात्याचं काम या संगणकावर करू नका. तुमच्या स्वतःच्या वापरासाठी फायरफॉक्स थेट मोझिलाकडून उतरवून होम फोल्डरमध्ये ठेवा, तो स्वतःला ताजा ठेवतो आणि तुमच्या जुन्या मिंटवरही चालतो. आणि ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये पाहुण्यांसाठीचं सत्र सुरू करा. मुलांनी फॉर्म भरायला तेच वापरायचं. बाहेर पडलं की त्यांचे पासवर्ड, उतरवलेले दाखले, सगळं पुसलं जातं, पुढच्याच्या हाती काही लागत नाही. भरलेल्या फॉर्मची पावती आधी स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायची किंवा छापून घ्यायची, एवढं मात्र संगणकाशेजारी ठळक अक्षरांत लिहून लावा.